फिरत्या बिऱ्हाडाच्या करमणुकीचा बंदोबस्त

महागाई, पाणीटंचाई आणि रस्त्यांवरील खड्डे या तीन सनातन संकटांची आमच्या महाराष्ट्राला आता सवय झाली आहे. म्हणूनच की काय, त्याच्यापुढे एक चौथे आणि तुलनेने अधिक सुसंस्कृत असे संकट उभे राहिले आहे. शहराच्या जाचाला कंटाळून, बिछाना, शेगडी, मोरी आणि शौचकूप यांसह अवघा संसार एका मोटारीत बसवून जो गृहस्थ मुक्त जीवनाच्या शोधार्थ सह्याद्रीच्या घाटांत शिरतो, त्याला त्या मुक्त जीवनात संध्याकाळी सातनंतर करमेनासे होते. सकाळ छायाचित्रे काढण्यात जाते, दुपार रस्त्यात जाते. परंतु दिवस मावळून गाडी एखाद्या धरणाच्या काठी उभी राहिली आणि जिच्यासाठी एवढा खर्च केला ती शांतता खरोखरच समोर येऊन बसली, की आता हिचे करावयाचे काय, हा प्रश्न त्या मुमुक्षूला पडतो.

हा प्रश्न आजचा नव्हे. जर्मनीत फोक्सवागनने १९५० साली आपली डबेवजा मोटार बाजारात आणली आणि पुढल्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तीत निजण्याबसण्याची सोय करून दिली, तेव्हापासून तो पाश्चात्त्यांना छळीत आहे. १९६० साली स्टाइनबेक हे थोर अमेरिकन कादंबरीकार मालमोटारीवर खोली चढवून देशाटनास निघाले, तेव्हा त्यांनी सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा आणि वाचावयाची राहून गेलेली दीडशे पौंड पुस्तके घेतली होती. जी पुस्तके घरच्या आरामखुर्चीत वाचून झाली नाहीत, ती रानातल्या डासांच्या सान्निध्यात वाचून होतील, ही श्रद्धा तेव्हापासून सर्व देशांत व सर्व धर्मांत अबाधित राहिली आहे.

आजचा प्रवासी पुस्तकांपेक्षा विजेवर अधिक विसंबतो, आणि तेथे त्याची गाठ अंकगणिताशी पडते. बारा व्होल्टच्या शंभर अँपियर-तासांच्या बॅटरीत सुमारे बाराशे वॅट-तास वीज मावते. चाळीस वॅटचा दूरदर्शन संच तीवर तीस तास चालेल. परंतु दोन हजार वॅटची विजेची शेगडी पेटविली, की अर्ध्या-पाऊण तासात सारा खजिना रिता. त्यामुळे आज भात शिजवावा की क्रिकेटचा सामना पाहावा, असा तात्त्विक पेच त्या चिमुकल्या संसारात रोज उभा राहतो, आणि आषाढात कोकणात उतरलेल्या गाडीच्या छपरावरील सौरपट्ट्यांनी हात टेकले, की भातही राहतो आणि सामनाही राहतो. उरला कॅरम, पण गाडी अंमळ उतारावर उभी असेल, तर राणी कोणाच्याही कौशल्याची वाट न पाहता खालच्या भोकात जाऊन बसते.

एवढे होईतो गाडीभोवती गाव जमलेला असतो. आत शेगडी कोठे, निजता कोठे, आणि विशेषतः जाता कोठे, यांची सविस्तर चौकशी होते, आणि ज्याला करमत नव्हते त्या गृहस्थाने आपल्या नकळत एका गावाची संध्याकाळ रंगविलेली असते. यात परंपरेचे विलक्षण पालन आहे. आमच्याकडे ज्यांचे बिऱ्हाड पाठीवर, ते नंदीवाले, डोंबारी, बहुरूपी गावकुसाबाहेर पाले ठोकीत, तेव्हा त्यांना करमणुकीची विवंचना नसे. करमणूक हाच त्यांचा माल होता, आणि तो विकत घेणारे आपण, पक्क्या घरांत राहणारे.

सरकारलाही या फिरस्त्यांविषयी आस्था होती. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आणला. त्यायोगे कित्येक भटक्या जमातींची नावे सरकारी दप्तरात चढली, पोलीसपाटलाकडे हजेरी लागली, आणि सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड त्यांच्या मुक्कामाचा कायम बंदोबस्त झाला. स्वतंत्र भारताने १९५२ साली हा कायदा रद्द केला. मात्र त्यानंतर लवकरच, १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्याने, सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून दान मागणे हे भीक मागण्यातच जमा होईल, असे मुंबई राज्यात ठरविले. सारांश, फिरणाऱ्याने करमणूक केली तर तो अपराध ठरला. फिरणाऱ्याने करमणूक करून घेतली तर काय, याचा निवाडा २०२१ साली लागला, जेव्हा महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि अशा गाड्यांच्या तळांवर पाणी, वीज व मैलापाण्याची सोय असावी, उद्योजकांस करांत सवलती असाव्यात, अशी तजवीज केली. गावाबाहेर मुक्काम टाकणारा इसम संशयित की सन्माननीय, हे आता त्याच्या गाडीच्या किमतीवरून नि:शंकपणे ठरविता येते.

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. दसऱ्याला बाहेर पडलेले तमाशाचे फड वैशाखापर्यंत ट्रकांतच संसार करतात. रात्री गण, गवळण, बतावणी आणि वग, पहाटे कनाती गुंडाळणे, दिवसा पुढल्या गावच्या वाटेवर मिळेल तेवढी झोप, असा त्यांचा क्रम असतो, आणि पाडव्याच्या सुमारास नारायणगावी राहुट्या टाकून ते गावोगावच्या पंचांकडून जत्रांच्या सुपाऱ्या घेतात. बिछाना, चूल, जनित्र, शिवाय अखंड करमणूक, एवढा सरंजाम कोणत्याही विलायती गाडीत आढळणार नाही. फडमालकांनी ट्रकांवर 'कॅराव्हॅन' अशी अक्षरे रंगवून रीतसर परवान्याची मागणी करावी, आणि सरकारने तळावरचा पाण्याचा नळ व विजेची जोडणी त्यांच्या स्वाधीन करावी. शेजारच्या तळावर कंटाळलेल्या आमच्या मुमुक्षूंचीही आपोआप सोय लागेल. खबरदारी एकच घ्यावी. अर्जात प्रवासाचे प्रयोजन विचारणारा रकाना असलाच, तर तेथे 'पोट' असे लिहू नये. 'मन:शांती' असे लिहावे.