यंदा बदलतोच!

वर्धा जिल्ह्यात देवळीकडे जा, सेलूकडे जा नाहीतर आर्वीकडे, दर गावात एक यंदावाले काकाजी भेटतातच. ओळखायची खूण सोपी आहे. बोलताना ते तुमच्याकडे पाहत नाहीत, तुमच्या डोक्यावरच्या छपराकडे पाहतात. तुम्ही चहाला साखर किती म्हणून विचारेपर्यंत त्यांनी पत्र्याची जाडी, उतार आणि मिस्त्री कोण असावा हे ताडलेलं असतं. साखर दोन चमचे.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की काकाजी पारावर जाहीर करतात, "यंदा छप्पर बदलतोच!" मृग लागला की म्हणतात, "आता पाण्यात घर उघडं कसं टाकता? दसरा होऊ द्या." दसऱ्यानंतर कापूस घरात येतो आणि ठेवायला छपराखालचीच जागा लागते. कापूस विकला की लग्नं. लग्नं आटोपली की मे. काकाजी आळशी आहेत असा कोणी समज करून घेऊ नये. छप्पर न बदलण्यासाठी त्यांनी जेवढा अभ्यास केला आहे, तेवढा बदलणाऱ्यांपैकी एकानंही केलेला नाही.

घर आज्याच्या काळचं. पाच खणांचं, मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी मयाल, त्यावर वासे, कमच्या आणि देशी कवेलू. हे कवेलू दरवर्षी पावसाआधी फेरावे लागतात. म्हणजे सगळे उतरवायचे, कचरा झाडायचा, फुटके काढायचे आणि परत एकावर एक चढवायचे. पूर्वी गावात कुंभाराचा आवा होता, फुटक्यांच्या जागी नवे मिळत. आता कुणाचं जुनं घर पडलं की काकाजी सांत्वनाला जातात आणि येताना कवेलूंचा भाव करून येतात. फेरणारे गडीही राहिले नाहीत. राहिले फक्त वानर. बोरच्या जंगलातून म्हणा की नाल्याकाठच्या चिंचेवरून म्हणा, वीसेक काळतोंडे येतात आणि मयालीवरून शर्यत लावतात. काकाजींच्या मते छपराच्या कोणत्याही सरकारी मानकात वानराचं वजन धरलेलं नाही, आणि ही त्या मानकांची मोठी उणीव आहे.

मग कवेलू काढून टाकायचे काय? थांबा, इथून काकाजींचं व्याख्यान सुरू होतं.

"टिना टाकता? टाका. पण पॉइंट पस्तीसचा घेऊ नका, पॉइंट पन्नासचा घ्या. रंग पाहून भुलू नका, जस्त किती हाय ते विचारा." रंगीत पत्र्याचा दुकानदार काकाजींना पाहिलं की नोकराला पुढे करतो. लोखंडी पत्र्यावरच्या जस्ताचं मानक आयएस २७७ हे त्यांना पाठ आहे. दुकानदाराला फक्त उधारी पाठ असते. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, नाळीत मारला तर पाणी बरोबर त्याच भोकातून आत येतं. खाली रबराचा वायसर हवाच, आणि तोही उन्हानं चिरतो, म्हणून काही वर्षांनी बदलायचा. पत्र्यावर पत्रा चढवताना जोडाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला ठेवायची, नाहीतर वावधन तिच्यात बोटं घालून अख्खा पत्रा उचलतं. हे सगळं खरं आहे. गावात काकाजींच्या सल्ल्यानं टाकलेलं एकही छप्पर आजवर उडालं नाही. उडाली ती त्यांचा सल्ला ऐकायला वेळ नसलेल्यांची, आणि त्या सकाळी काकाजी सर्वांत आधी तिथं पोचलेले असतात.

"पण टिन्याखाली मे महिना काढून दाखवा," असं म्हणून ते स्वतःच टिना बाद करतात. खाली थर्माकोल लावा, वर पांढरा रंग मारा, हे उपाय त्यांना ठाऊक आहेत. पावसाच्या आवाजावर मात्र उपाय नाही. श्रावणझडीत टिन्याखाली भांडण करायचं तर चिठ्ठी लिहून करावं लागतं, असा त्यांचा अनुभव. त्यांचा म्हणजे साळ्याच्या घरचा.

सिमेंटच्या पत्र्याचा विषय निघाला की ते एकदम गंभीर होतात. त्यातलं एस्बेस्टॉस फुप्फुसाला वाईट, जागतिक आरोग्य संघटना त्याच्या सर्व प्रकारांना कर्करोगाचं कारण मानते. साठाहून अधिक देशांनी ते बंद केलं. आपल्याकडे खाणींना नवे पट्टे देणं १९८६ मध्ये थांबलं, पण बाहेरून आणायला आणि पत्रे विकायला बंदी नाही. "म्हणजे खोदायचं नाही, पण डोक्यावर घ्यायचं!" ज्यांच्या घरी जुने पत्रे आहेत त्यांना ते सांगतात की काढताना फोडू नका, कापू नका, पाणी मारून ओले करा, अख्खे उतरवा, आणि तुकड्यांवर कोंबड्यांचा खुराडा बांधू नका. शेवटचा सल्ला कोणीच ऐकत नाही.

स्लॅबवर त्यांचा विशेष राग. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर. ते मातीच्या भिंती पेलणार नाहीत, म्हणजे कॉलम आले, म्हणजे पाया आला, म्हणजे छप्पर बदलायला निघालेला माणूस अख्खं घर पाडून बसतो. पुन्हा ग्रामपंचायतीच्या आकारणीत आरसीसी घराचा दर वेगळा, मातीच्या घराचा वेगळा. "वरून तापते, खालून कर वाढते," एवढ्यावर स्लॅबचा निकाल लागतो.

पाहुणे आले की काकाजी त्यांना सेवाग्रामला नेतात. पाहुणे चरखा पाहतात, काठी पाहतात, चपला पाहतात. काकाजी मान वर करून बांबू मोजतात. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले तेव्हा जवळपासच्या सामानातून आणि शंभर रुपयांच्या आत घर बांधा अशी अट त्यांनी घातली होती असं सांगतात. ती गोष्ट काकाजी गवंड्यांशी भाव करताना न चुकता काढतात. बापूकुटीचं छप्पर कवेलूंचंच आहे, आणि तेही निगा मागतंच. "पण तिथं निगा ठेवायले आश्रम हाय, इथं मी एकटा." परतताना दत्तपूर. तिथल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावर होणारे शंकूसारखे कवेलू एकात एक अडकवून कमान उभी केली. ना मयाल लागते, ना लोखंड. ही कमान पाहून काकाजींचा कंठ दाटून येतो. यंदा हेच टाकायचं असं ठरतं. गावात आल्यावर लक्षात येतं की चाक फिरवणाऱ्याचा मुलगा पुलगावला मोबाइल दुरुस्त करतो.

आता नियम. सर्वसाधारण माणूस परवानगीला घाबरतो, काकाजींना परवानगी लागत नाही याचीच चिंता. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते की त्याच उंचीवर छप्पर नव्यानं घालायचं असेल तर बांधकाम परवाना नको. उंची वाढवली, मजला चढवला, तर ग्रामपंचायत किंवा नगर परिषद आली. हा कागद काकाजींनी झेरॉक्स करून ठेवला आहे आणि ते तो कुणाला दाखवत नाहीत, कारण त्यानं एक चांगली सबब जाते. घरकुल योजनेतून पैसे मिळतात, पण ती कच्च्या एक-दोन खोल्यांत राहणाऱ्यांसाठी; पाच खणांचं घर तिच्यात बसत नाही. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान आहे, पण सौर पॅनल कवेलूंवर बसत नाहीत. काकाजींचा हिशोब असा की आधी छप्पर, मग पॅनल, मग अनुदान, मग अनुदानातून छप्पर.

एवढं सगळं ऐकल्यावर कुणी नवखा विचारतो, "मग अडलंय कुठं, काकाजी?" तेव्हा ते पान थुंकायला बाहेर जातात.

अडलंय ग्रामपंचायतीच्या नमुना आठात. घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. वारस तीन भाऊ. थोरले काकाजी गावात, मधला नागपुरात, धाकटा पुण्यात अकराव्या मजल्यावर. पैसा एकानं टाकला तर छप्पर कुणाचं? पत्रा एकाच खणावर टाकला तर पाणी कुणाच्या खणात पडेल? देशातल्या सगळ्या संहिता मिळून जो नियम लिहू शकल्या नाहीत तो हा: तीन सह्या झाल्याशिवाय एक कवेलू हलत नाही. स्वामित्व योजनेत गावठाणावर ड्रोन फिरलं, त्याआधी चुन्यानं हद्दी आखायच्या होत्या. तिघे भाऊ त्या दिवशी एकत्र आले, पण चुना कुठून ओढायचा यावर दुपार गेली. ड्रोनला वरून एकच छप्पर दिसलं.

गळतीचा व्यवहार मात्र काकूंच्या हाती. देवघरापाशी पितळी गंज, दाराशी घमेलं, कापसाच्या कोपऱ्यात जुनी परात. कोणत्या झडीला कोणतं भांडं किती वेळात भरतं हे त्यांना घड्याळाहून पक्कं माहीत. व्याख्यान चालू असताना त्या एकदाही मध्ये बोलत नाहीत.

यंदा पुतण्याच्या लग्नाला धाकटा पुण्याहून आला. काकाजींनी कागद काढला, पेन काढलं. धाकट्यानं वर पाहिलं, मोबाइलवर मयालीचे फोटो घेतले आणि म्हणाला, "दादा, हे काढू नका हो. असं घर आता कुठं पाहायला मिळतं? मुलांना घेऊन येत जाऊ आम्ही."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "या ना भाऊजी. जुलैत या."