या हाताचं त्या हाताला
(नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

सर्वप्रथम उजवा हात कामाला लावा. त्यात चहाचा कप द्या, वडापाव द्या, नाहीतर तो सरळ खिशात घाला. की-बोर्डपासून लांब राहिला म्हणजे झालं. इंग्रजीतला लांबात लांब असा शब्द शोधायचा, जो टाइप करताना एकाच हाताची बोटं लागतात, एवढाच हा छंद आहे. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये.

साहित्य फारसं लागत नाही. साधा इंग्रजी की-बोर्ड, जाडजूड शब्दकोश आणि रिकामा वेळ. घरच्यांनी ‘याचा उपयोग काय?’ असं विचारल्यास स्क्रीनवरून नजर न हटवता ‘संशोधन’ म्हणावं.

हद्दी आधी समजून घ्या. टायपिंगच्या क्लासला जाऊन ज्यांनी बोटं झिजवली आहेत त्यांना त्या पाठच असतील: टी, जी, बी डाव्या तर्जनीकडे, वाय, एच, एन उजव्या तर्जनीकडे. दोन बोटांनी टाइप करणारी मंडळी ‘बी’ कुठल्याही हाताने बडवतात. अशांनी आधी क्लास लावावा. या वाटणीत डाव्याला १५ अक्षरं मिळतात आणि उजव्याला ११.

पण आकड्यांवर जाऊ नका, खरा अन्याय पुढे आहे. ई, ए, टी, एस, आर, डी ही इंग्रजीतली सगळी कमावती अक्षरं डाव्याकडे आहेत. शब्द संपत आला की डावा हात एस लावून अनेकवचन करतो, ईडी लावून भूतकाळ करतो, ईआर लावून तुलना करतो. उजव्याकडे आय, ओ, यू असे तीन स्वर आहेत खरे, पण शब्दाला शेपूट जोडायची म्हटलं तर एल-वायच्या पलीकडे त्याची मजल फारशी जात नाही.

याचं खापर क्रिस्टोफर लॅथम शोल्सवर फोडू नये. मिलवॉकीच्या या संपादकाला टाइपरायटरचं पेटंट १८६८ मध्ये मिळालं आणि रेमिंग्टनने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणलं. तेव्हा कोणत्या बोटाने कोणतं अक्षर मारायचं याचे नियमच ठरलेले नव्हते. न बघता, सगळी बोटं वापरून टाइप करण्याचा डंका वाजला तो १८८८ साली, सिनसिनाटीतली स्पर्धा फ्रँक मॅकगरिनने जिंकली तेव्हा. (‘टाइपरायटर’ हा शब्द विक्रेत्यांना झटकन टाइप करून दाखवता यावा म्हणून त्याची सगळी अक्षरं वरच्या ओळीत ठेवली, असं सांगतात. गोष्ट झकास आहे, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवू नये.)

आता शिकार. सुरुवात ‘डेटाबेस’ने करा: आठ अक्षरं, सगळी डाव्याची. मग ‘एक्झॅजरेटेड’, अकरा. बारावर ‘स्ट्युअर्डेसेस’ आहे, आणि बहुतेक नवशिके तिथेच थांबून पेढे वाटतात. वाटू नका. ‘रिव्हर्बरेटेड’, ‘डीसेग्रिगेटेड’, ‘आफ्टरइफेक्ट्स’ हे सगळे बारा अक्षरांचेच आहेत. शिखर आहे ‘टेसेराडेकेड्स’, चौदा अक्षरं. टेसेराडेकेड म्हणजे चौदांचा गट. या शब्दाला बोलीत जागा नाही, हिशेबात नाही, आणि कुणी त्याचा अर्थ विचारलाच तर आपलं स्पेलिंगच मोजून दाखवतो. या छंदात यापरता कृतार्थ शब्द मला माहीत नाही.

उजव्या हाताकडे सहानुभूतीने पाहावं. ‘लॉलीपॉप’, ‘मोनोपॉली’, ‘पोलोनियम’ हे आठ अक्षरांचे, ‘पॉलिफनी’ नऊ. अकरावर ‘हायपोलिम्नियन’ सापडतो: सरोवराचं तळाशी साचलेलं थंड पाणी. ‘जॉनी-जंप-अप’ या फुलझाडाच्या नावात बारा अक्षरं भरतात, पण मध्ये जोडरेघा आहेत. जोडरेघेचं बटणही उजव्याच हाताला येतं, तेव्हा ती चालावी, असं माझं मत. वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

संगणकाकडून एका ओळीच्या आज्ञेत हे सगळं काढता येतं. मॅकमध्ये १९३४ च्या वेबस्टर कोशावरून केलेली सव्वादोन लाखांहून जास्त शब्दांची यादी आयतीच असते. पण त्यात शिकारीची मजा नाही. या खेळांना प्रतिष्ठा देणाऱ्या दिमित्री बोर्गमनचं ‘लँग्वेज ऑन व्हेकेशन’ हे पुस्तक १९६५ चं, म्हणजे घरात संगणक नसण्याच्या काळातलं.

सराव झाल्यावर मराठीकडे या. इनस्क्रिप्ट की-बोर्डवर मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्याला. शिफ्टला हात लावायचा नाही. डाव्याकडे म, न, व एवढीच व्यंजनं, तरी तो ‘नवनवीन’, ‘मनोमन’, ‘मनमानी’ असं मजेत लिहितो. उजव्याच्या वाट्याला काना नाही, मात्रा नाही: कटकट, गडबड, दगदग, हरकत. त्याचा ‘सरसकट’ पाच अक्षरांचा होतो. सहा अक्षरी शब्द हाती लागेपर्यंत कप खाली ठेवू नये. मात्र या पाठासाठी तो डाव्या हातात घ्यावा लागेल.