द्वारका, बी विंग

संगीत नाटक बसवायचं ठरलं, की पहिल्या बैठकीत एक ठराव एकमताने मंजूर होतो : पदं कमी करायची. दुसऱ्या बैठकीत कळतं, की ती दुसऱ्याची कमी करायची होती.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीने यंदा गणपतीत 'संगीत सौभद्र' करायला घेतलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक पाच अंकी, आणि मूळ संहितेत पदं शंभरावर. त्या काळी प्रयोग रात्री सुरू व्हायचा आणि प्रेक्षक पहाटे दूधवाल्याबरोबर घरी पोचायचे. आमच्याकडे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. उत्सवातले काही दिवस बारापर्यंत सवलत मिळते, पण ते ऑर्केस्ट्रा आणि अंताक्षरीने आधीच पटकावलेले. तेव्हा सातला नांदी आणि दहाच्या आत सुभद्रेचं लग्न, असा मुहूर्त निघाला.

दिग्दर्शक बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी पदांचा ताळेबंद मांडला आणि प्रत्येकाने स्वखुशीने दोन-दोन पदं सोडावीत, असं आवाहन केलं. अर्जुन म्हणाला, "मी हवं तर सगळी भाषणं सोडतो." नारदाने (या दाताच्या डॉक्टर) लक्षात आणून दिलं, की नारद सुरुवातीलाच येतो, तेव्हा घड्याळात भरपूर वेळ असतो, कात्री लावायची तर शेवटी शेवटी लावा. शेवटी शेवटी असलेल्यांनी मग सभात्याग केला. ऑर्गनवाले आजोबा तेवढे शांत होते. ते म्हणाले, "तुम्ही काय ते कापा. माझी बोटं सवयीने सगळंच वाजवतात."

नारदबाईंनी आणखी एक तोडगा सुचवला. 18 नोव्हेंबर 1882 ला पुण्यात 'सौभद्र'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा अण्णासाहेबांनी तीनच अंक केले होते. पाची अंकांचा प्रयोग पुढच्या वर्षी झाला. आपणही यंदा तीन करू, उरलेले दोन पुढच्या गणपतीत. परंपरेलाही धरून होईल. सेक्रेटरींनी हा प्रस्ताव जागीच मारला. नाटकानंतर जेवण होतं. "लग्न लागल्याशिवाय पंगत कशी बसवायची?" या युक्तिवादापुढे इतिहासाचं काही चाललं नाही.

पात्रयोजनेचा घोळ अण्णासाहेबांपेक्षा अगदी उलटा. त्यांच्याकडे बायका रंगमंचावर येत नसत. मग बडोद्याहून भाऊराव कोल्हटकरांना आणलं, आणि त्या गळ्याच्या सुभद्रेने महाराष्ट्राला वेड लावलं. आमच्याकडे गाणाऱ्या बायका विंगागणिक, आणि पुरुष म्हणाल तर "मी खुर्च्या लावीन" एवढंच म्हणणारे. कृष्णाचं काम सेक्रेटरींकडे गेलं ते त्यांना गाता येतं म्हणून नव्हे, तर हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते म्हणून. बलराम झाले चेअरमनसाहेब. त्यांना विचारावं लागलं नाही. बलराम कोण, असा प्रश्न निघाल्यावर सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. मला प्रॉम्प्टर केलं. माझा आवाज सोसायटीने आरतीत ऐकलेला आहे.

तालमी जिन्याखालच्या हॉलमध्ये. अर्जुन तीर्थयात्रेला निघालेला असतो हे नाटकातही खरं आणि मध्य रेल्वेवरही. त्याचा फोन यायचा, "दिव्याच्या पुढे गाडी थांबलीय, तोवर कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश घ्या." त्या प्रवेशाची तालीम त्यामुळे गरजेपेक्षा फार जास्त झाली. त्यात रुक्मिणी रुसते आणि कृष्ण गाऊन तिची समजूत काढतो. आमचे कृष्ण-रुक्मिणी घरीही नवरा-बायको. त्या आठवड्यात त्यांचं गीझरच्या दुरुस्तीवरून बिनसलेलं होतं. दिग्दर्शक रुक्मिणीच्या अभिनयाचं कौतुक करून थकले. कृष्णाला मात्र दर वेळी सांगावं लागे, "सेक्रेटरी, जरा गोड. सुरात नोटीस बजावल्यासारखं वाटतंय."

सुभद्रा काळी चारमध्ये गाते आणि अर्जुन पांढरी एकमध्ये. दोघांचा प्रवेश आला, की ऑर्गनवाले आजोबा सुभद्रेच्या सुरातून अर्जुनाच्या सुरात उतरेपर्यंत प्रेमाची तीव्रता निम्मी व्हायची. "एकाच पट्टीत गा ना," असं दिग्दर्शकांनी सुचवून पाहिलं. सुभद्रेने ऐकून घेतलं नाही. ती आमच्या शाळेत गणित शिकवते, आणि तिने ऐकून घेतल्याचं कुणालाच आठवत नाही.

खरा पेच होता घटोत्कचाचा. नाटकात तो सुभद्रेला लग्नघरातून उचलून रानात नेतो. म्हणजे ताकद हवी, आणि गाण्याची हौस नको. सी विंगमधला जिमला जाणारा मुलगा मिळाला. दंड भरदार, चेहरा गरीब. पहिल्या तालमीला तो हॉलच्या दारातच अडला. सुभद्रेला पाहिल्याबरोबर त्याचे हात आपोआप मागे गेले. "मॅडम मला नववीत होत्या," तो माझ्या कानात म्हणाला. "बीजगणितात मी त्यांना तोंड दाखवायच्या लायकीचा नव्हतो. आता उचलू कसा?" बाई डोळे मिटून सतरंजीवर निपचित पडल्या होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "गुडघ्यात वाक. पाठ सरळ. आणि हातचा विसरू नकोस." हातचा म्हणजे मानेखालचा हात, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला.

प्रयोगाच्या दिवशी ड्रेपरीवाल्याने कृष्णाला जो मुकुट दिला, तो आधी कुठल्या तरी रावणाचा असावा. मान हलवली की तो मागून उत्तर द्यायचा. पण तिसरी घंटा झाली, ऑर्गनचा सूर लागला आणि अर्ध्या तासात अंगणातली कुजबुज थांबली. अर्जुन खरंच चांगला गायला. पहिल्याच पदाला वन्समोर आला. दिग्दर्शक विंगेतून घड्याळ दाखवत होते, अर्जुन तिकडे पाठ करून पुन्हा उभा राहिला. मग सुभद्रेने वन्समोर घेतला, कारण अर्जुनाने घेतला होता. मग नारदबाईंनी प्रवेश संपल्यावर पुन्हा येऊन घेतला. तो कुणी दिलाही नव्हता.

घटोत्कचाने सुभद्रेला अलगद उचललं. गुडघे, पाठ, हातचा, सगळं बरोबर. विंगेत शिरता शिरता मात्र त्याच्या कॉलर माइकवरून सगळ्या सोसायटीला ऐकू गेलं : "सॉरी हं, मॅडम." टाळ्या पडल्या.

पाचवा अंक सुरू झाला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. बहिणीचं लग्न आपल्याला फसवून अर्जुनाशी जमलंय, हे कळल्यावर बलराम भडकतो, कृष्ण त्याला हळूहळू वळवतो, असा तो मामला. हळूहळूला वेळ कुठे होता? दहाला दहा कमी असताना मी विंगेतून चेअरमनसाहेबांना खूण केली. ते तरातरा आत आले, सगळ्यांवर नजर फिरवली, दम घेतला आणि म्हणाले, "बरं, झालं ते झालं. अक्षता आणा." एवढा हशा अख्ख्या नाटकात झाला नाही. ते वाक्य किर्लोस्करांचंच आहे, असं चेअरमनसाहेब आता शपथेवर सांगतात.

पंगतीत मी वाढप्यांत होतो. गाण्याबद्दल कुणी काही बोलेल म्हणून कान लावले. पण मसालेभाताच्या रांगेत चर्चा निराळीच होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणत होत्या, "बलरामाचं काय चुकलं, सांगा ना. दुर्योधनाचं घराणं चांगलं, हस्तिनापुरात स्वतःची जागा. आणि हा अर्जुन? फिरतीचा." "शिवाय आधीची बायको आहे," दुसऱ्या म्हणाल्या. "तीही पाच जणांत. एवढा मोठा गोतावळा सांभाळायचा, म्हणजे मुलीचे हालच." "पण मुलीला पसंत होता ना," तिसऱ्या सुनेने धीर करून म्हटलं, तेव्हा दोघींनी तिच्या पानात भात जरा कमी पडलाय असं मला दाखवलं.

'सौभद्र' एवढी वर्षं का टिकलं, यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. ते सगळं खरंच असेल. पण त्यात देव उतरतात ते थेट आपल्या बैठकीत, आणि बोलतात ते स्थळांबद्दल. त्या विषयावर मराठी माणसाला मत नाही असं आजवर झालेलं नाही.

जिलबीचं ताट घेऊन मी पुन्हा त्या रांगेत पोचलो, तेव्हा अर्जुनाचा निकाल लागला होता. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"तो घटोत्कच काय करतो हो?"

"इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे."

"मुलगा नम्र दिसला. स्टेजवरसुद्धा सॉरी म्हणाला," काकू म्हणाल्या. "पत्रिका मिळेल का?"