सगळ्यात स्वस्त कोटेशन

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन कोटेशनं उघडली जातात. चेअरमन शेवटच्या पानावरचे आकडे वाचून दाखवतात, सेक्रेटरी सगळ्यात लहान आकड्याला पेनाने गोल करतात आणि साफसफाईचा ठेका ठरतो. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात भूगावपासून पिरंगुटपर्यंत नव्या इमारती उभ्या राहिल्या, तशी ही पद्धतही रुजली. त्या गोल केलेल्या आकड्यात जिना पुसणाऱ्या बाईचा पगार बसतो का, हे कुणी विचारत नाही. मला ते विचारायचं आहे.

हिशेब अवघड नाही. समजा, बाईला महिन्याला 15,000 रुपये द्यायचे ठरले. त्यावर मालकाने भरायचा पीएफ, बारीकसारीक आकारांसकट 13 टक्के, म्हणजे 1,950. ईएसआय सव्वातीन टक्के, 488. बोनस किमान 8.33 टक्के, 1,250. सोसायटीला जिने तीसही दिवस पुसलेले हवेत आणि बाईला आठवड्याची सुट्टी हक्काची आहे. म्हणजे चार दिवस बदली बाई, तिचे साधारण 2,300. बेरीज 21,000 च्या घरात गेली. अजून फिनेल आलेलं नाही, मॉप नाही, हातमोजे नाहीत, गणवेश नाही, येण्याजाण्याचं भाडं नाही, ठेकेदाराला एक रुपया सुटलेला नाही. आता कोटेशनमध्ये माणशी 14,000 लिहिलेले असतील, तर वरचे सात हजार कोण भरतं?

बाई भरते. तिचा पीएफ कापला जातो आणि भरला जात नाही. तिची सुट्टी बिनपगारी होते. दोन विंगचं काम एकीवर येतं. स्वस्त कोटेशन म्हणजे तिच्याकडून न विचारता घेतलेली उसनवारी आहे, आणि ती कुणी परत करत नाही.

हे लिहिताना मी याच तालुक्यातल्या उरवडे गावाचं नाव घेतो आहे, त्याला कारण आहे. 7 जून 2021 ला इथल्या एसव्हीएस अॅक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्याला आग लागली. पाणी शुद्ध करायला वापरतात ते क्लोरीन डायऑक्साइड तिथे तयार होत असे. 17 कामगार गेले आणि त्यांत 15 बायका होत्या. ओळख पटवायला डीएनए तपासणीचा आधार घ्यावा लागला. राज्य सरकारने वारसांना पाच-पाच लाख जाहीर केले. दुसऱ्यांचं पाणी स्वच्छ व्हावं म्हणून राबणाऱ्या बायका होत्या त्या. या पट्ट्यात घराबाहेर पडणाऱ्या बाईला सहज मिळणारी कामं आजही तीच आहेत: पॅकिंग, कँटीन, हाउसकीपिंग. म्हणून या तालुक्यात जो कुणी साफसफाईचा धंदा काढेल, त्याच्याकडे मी आधी त्याची मशीन बघणार नाही. सामान ठेवायची खोली बघेन.

ती खोली बहुतेक ठिकाणी जिन्याखाली असते. खिडकी नसते. दाराला खराटे टेकवलेले, वर ओली फडकी वाळत घातलेली, कोपऱ्यात पाच लिटरचे कॅन. त्यांच्या शेजारी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं अॅसिड, बाटलीवर पाण्याच्या कंपनीचं लेबल तसंच. खाली बादलीत ब्लीचिंग पावडर कालवलेली. नव्याने लागलेली बाई डाग निघत नाही म्हणून दोन्ही एकत्र करते, कारण तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ब्लीच आणि अॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो छातीत भरायला वेळ लागत नाही. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काचेचं लिक्विड पडलं तरी विषारी वायूच होतो. हे शिकवायला अर्धा तास पुरतो. वेगळ्या रंगाचे कॅन, मराठीत ठसठशीत लिहिलेली चिठ्ठी, अॅसिड कुलपात, आणि ‘दोन औषधं कधीच मिसळायची नाहीत’ हे पहिल्याच दिवशी. इतकं न करता जो ठेका घेतो, त्याने धंदा बंद करावा.

आता ज्यांना खरोखर सुरुवात करायची आहे त्यांच्याशी बोलतो. बचत गटातल्या ताईंनो, विशेषतः तुमच्याशी. तुम्हाला सगळे सांगतील की आधी स्क्रबर मशीन घ्या, व्हॅक्यूम घ्या, छापील कार्डं काढा. घेऊ नका. या धंद्याचं भांडवल मशीन नाही, दोन महिन्यांचा पगार आहे. गिऱ्हाईक कारखाना असला, की तो बिल घेतो आणि साठ दिवसांनी पैसे देतो, कधी नव्वद. बायांचा पगार मात्र सात तारखेच्या आत व्हायलाच हवा; कायदाही तेच सांगतो आणि घरातला किराणाही. या मधल्या पन्नास दिवसांचे पैसे ज्याच्याकडे नाहीत, तो दुसऱ्या महिन्यात पीएफला हात लावतो आणि तिसऱ्यात पगाराला. वाईट ठेकेदार सगळेच मुळात वाईट नसतात. बरेच जण या पन्नास दिवसांत वाईट होतात.

म्हणून लहान उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी पहिल्या दिवशी करा. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत लहान उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत चुकवावं लागतं, करार नसेल तर 15 दिवसांत. लहान उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात ते लिहिलेलं आहे. आयकराच्या नियमातही आता आलं आहे की अशा उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर कारखान्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष चुकवले त्याच वर्षी वजा मिळतो. पैसे मागायला जाल तेव्हा अकाउंट्सवाल्याला हे शांतपणे सांगा. त्यालाही ठाऊक असतं.

पीएफ 20 माणसं झाली की बंधनकारक होतो. त्यामुळे 19 वर थांबून बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढणारे ठेकेदार आहेत. ही चोरीच आहे, तिला हुशारी म्हणू नका. पहिल्या बाईपासूनच दरात पीएफ धरा. विसावी येईल तेव्हा गिऱ्हाइकाकडे दर वाढवून मागायची वेळ येणार नाही.

एका कामाला मात्र साफ नकार द्या. पंचायतीच्या हद्दीतल्या पुष्कळ इमारतींना महापालिकेचं ड्रेनेज नाही, सेप्टिक टँक किंवा सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी आहे. ‘तुमची माणसं आहेतच, टाकीही बघून घ्या’ असं कुणीतरी म्हणतंच. ऑक्टोबर 2022 मध्ये वाघोलीच्या एका सोसायटीत टाकीत उतरलेले तिघे गेले. सुरक्षेची साधनं न देता माणूस टाकीत उतरवणं 2013 च्या मैलासफाईबंदीच्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना 30 लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. टाकीला सक्शनची गाडी बोलवायची. माणूस नाही. चेअरमन रागावले तर रागावू देत.

हा धंदा लहानच राहतो, असं समजू नका. हणमंतराव गायकवाडांनी बीव्हीजीची सुरुवात 1997 मध्ये आठ माणसांवर पुण्यात केली आणि हाउसकीपिंगचं त्यांचं काम संसद भवनापर्यंत गेलं. पण मला त्याहून जास्त आशा दुसऱ्या एका उदाहरणात दिसते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली, तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि 2008 मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. कचरा वेचणाऱ्या, बहुतांश दलित बायका त्या संस्थेच्या सभासद आहेत, म्हणजे मालक आहेत. दारोदारचं शुल्क त्या स्वतः गोळा करतात. मधे ठेकेदार नाही. मुळशीतल्या दहा बायांनी मिळून असं का करू नये? जिना त्यांनाच पुसायचा आहे, तर बिलही त्यांच्याच नावाने निघू दे.

आणि सोसायट्यांना एक विनंती. पुढच्या मीटिंगला कोटेशन मागवाल, तेव्हा एकच ठोक आकडा घेऊ नका. मजुरी, पीएफ, ईएसआय, सुट्टीची बदली, हातमोजे आणि सामान वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. दर महिन्याचं बिल चुकवण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफचं चलान बघा आणि त्यात तुमच्या जिन्यावरच्या बाईचं नाव आहे का, तेही तपासा. जो ठेकेदार हे लिहून द्यायला तयार नाही, त्याचं कोटेशन कितीही स्वस्त असो, बाजूला ठेवा.