गुडघा एकाचा, करंडक दुसऱ्याचा

"नाना, ऐकलं का? अक्कांची नात जिंकल्यात जमा हाय म्हणं!"

मी मेथीच्या वाफ्यातूनच हाळी दिली. कुंपणापलीकडं नाना काठीनं शेवग्याच्या शेंगा पाडत होते. नाना म्हणजे हायस्कुलातून रिटायर झालेले खेळाचे मास्तर. त्यांना बातमी सांगितली की आधी तिची उलटतपासणी होते, मग दुसऱ्या गोष्टी.

बातमी एवढीच होती. आमच्या आळीतल्या अक्कांची नात पुण्याला असते, टेनिस खेळते. 14 वर्षांखालच्या मुलींची कुठलीशी स्पर्धा तिथं चालू आहे. त्यातली पहिल्या मानांकनाची मुलगी सरावात पाय मुरगळून बाहेर पडली. पण हे आमचं सांगवी गाव आहे. काल संध्याकाळी मुरगळलेला पाय डेअरीवर पोचेपर्यंत फ्रॅक्चर झाला, फलटण रोडच्या टपरीवर त्यात रॉड बसला, आणि रात्री अक्कांनी हलवायाला फोन करून दोन किलो पेढ्यांचं विचारूनसुद्धा ठेवलं.

"जिंकल्यात जमा?" नानांनी काठी टेकवली. "ती मुलगी ड्रॉच्या वरच्या अंगाला होती का खालच्या?"

"आता ते मला काय म्हाईत? पहिल्या नंबराची होती, गेली. पुढं समदं सोपंच की."

"इथंच घोळ होतो, वहिनी. कोण गेलं हे सगळे विचारतात. कुठनं गेलं, हे कुणी विचारत नाही."

आणि नानांनी काठीच्या टोकानं मातीत ड्रॉच्या, म्हणजे कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्याच्या, रेघा ओढायला घेतल्या. आठ आडव्या रेघा, दोन-दोन जोडून चार, चाराच्या दोन, दोनाची एक. कोंबडी मधनं गेली तशी एक उपांत्य फेरी पुसली. ती त्यांनी परत काढली.

"हे बघा. आपली पोर इथं. ती पहिल्या नंबराची तिच्या शेजारी, म्हंजे गाठ लगेच पडणार. धरून चाला, दोघींचे दहा सामने झाले असते तर आपल्या पोरीनं चार मारले असते. त्यापुढं उपांत्य आणि अंतिम, दोन्हीकडं निम्मी-निम्मी आशा. मग करंडकाची आशा किती?"

"मी काय गणिताची बाई हाय व्हय?"

"शंभरात दहा. आता ती मुलगी गेली, तो सामनाच गेला. राहिले दोन. आशा झाली शंभरात पंचवीस. अडीचपट! कमी नाही. पण पंचवीसच. उरलेल्या पंचाहत्तर वेळा अक्कांचे पेढे अक्कांनीच खायचे."

"आन ती दुसऱ्या अंगाला असली तर?"

"मग अंतिम सामन्यापर्यंत आपल्या पोरीला काडीचा फरक नाही. तेच सामने, त्याच पोरी. फायदा काय तो शेवटी, आणि तोसुद्धा ती पहिल्या नंबराची तिथवर पोचणारच होती असं धरलं तर. तिच्या जागी जी येईल ती त्या अंगाच्या पोरींना हरवून आलेली असेल. ती काय पाहुणी म्हणून येणार आहे का?"

आतनं काकींचा, म्हणजे नानांच्या मंडळींचा, आवाज आला, "वहिनी, तुम्ही सुटका करून घ्या बाई. आता बालेवाडी निघंल!"

निघालीच. नानांची बालेवाडी आमच्या आळीत सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी मी खुरपं बाजूला ठेवलं, कारण या वेळी ती खरंच मुद्द्याला धरून होती.

2018 साली चेन्नईची मोठी टेनिस स्पर्धा पुण्यात आली आणि तिचं नाव झालं महाराष्ट्र ओपन. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडानगरीत ती भरायची. 2023 च्या जानेवारीत क्रोएशियाचा मारिन चिलिच तिथं पहिल्या मानांकनावर होता. हा साधासुधा गडी नव्हे. 2014 ची अमेरिकन ओपन जिंकलेला, आणि हीच स्पर्धा चेन्नईत असताना 2009 आणि 2010 अशी लागोपाठ दोनदा मारलेली. नानांनी भाच्याला गळ घालून उपांत्यपूर्व फेरीची तिकिटं काढायला लावली. सांगवीतनं पहाटे निघाले, सोबत भाकरी-ठेचा. आणि तिथं गेल्यावर कळलं, गुडघ्यानं दगा दिल्यामुळं चिलिचनं माघार घेतलीय. समोर होता नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर. तो रॅकेट न उचलता उपांत्य फेरीत.

"मंग ह्याला नशीब न्हाय तर काय म्हणायचं?"

"म्हणा की. पण किती, ते मोजून म्हणा. त्या वेळच्या हिशोबात अशा स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला 45 गुण, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला 90. म्हंजे चिलिचच्या गुडघ्यानं त्याला 45 गुण आणि पुढच्या फेरीचे पैसे दिले. तो सामना जिंकला म्हणून मात्र त्याच्या खात्यावर चढला नाही. खेळायच्या आधीच माघार घेतली तर तो वॉकओव्हर, विजयात धरत नाहीत. खेळता खेळता मधेच सोडला तर विजय धरतात. आणि विजेत्याला 250 गुण. मधले 160 कुणाच्या गुडघ्यानं दिले?"

मी गप्प.

"उपांत्य फेरीत रशियाचा करात्सेव होता, त्याला हरवलं. फायनलला फ्रान्सचा बेंजामिन बोन्झी. पहिला सेट ग्रीक्सपूर हरला, 4-6. दुसरा ओढून काढला, 7-5. तिसरा 6-3. एटीपीच्या, म्हंजे पुरुषांच्या वरच्या पायरीच्या, स्पर्धेतलं त्याच्या आयुष्यातलं पहिलं विजेतेपद. त्या दिवशी चिलिच कोर्टवर नव्हता, बोन्झी होता."

"तरी पण नाना, चिलिच असता तर?"

"असता तर कदाचित हरलाही असता ग्रीक्सपूर. ते मी नाकारत नाही. पण अजून एक ऐका, हे कुणी बोलत नाही. दुसऱ्या मानांकनावर होता बोटिक व्हान डी झांडस्खुल्प, ग्रीक्सपूरच्याच देशाचा. त्याला उपांत्य फेरीत बोन्झीनं काढला. म्हंजे पहिल्या दोन्ही नंबरांच्या खेळाडूंशी ग्रीक्सपूरची गाठच पडली नाही. एकाला गुडघ्यानं काढलं, दुसऱ्याला बोन्झीनं. ग्रीक्सपूरचा फायदा तर दोन्हीकडं तोच झाला! पण टोमणा फक्त गुडघ्याचा मारायचा. दुसऱ्याला म्हणायचं, 'खेळात असं होतंच.'"

हे मात्र मला पटलं. आपल्याकडं ग्रामपंचायतीलासुद्धा हेच चालतं. समोरच्याचा अर्ज बाद झाला की निवडून आलेला जन्मभर 'नशिबाचा मेंबर', आणि मतं फुटून आला तर 'राजकारणी'.

नाना रंगात आले. 2021 या एकाच वर्षात ग्रीक्सपूरनं चॅलेंजर, म्हणजे त्याखालच्या पायरीच्या, आठ स्पर्धा जिंकल्या होत्या. त्याआधी एका वर्षात तेवढ्या कुणीच जिंकल्या नव्हत्या. पुण्यानंतर पाच महिन्यांनी, जूनमध्ये, त्यानं मायदेशातली गवतावरची स्पर्धाही मारली, आणि तिथंही फायनलचा पहिला सेट हरून. "नशीब एवढं नेमानं ड्युटीवर येत नाही, वहिनी."

"मंग ज्याला असा फुकटचा सामना मिळतो तो पुढं जिंकतोच का?"

"कुठलं! 2022 च्या विम्बल्डनला नदालच्या पोटाचा स्नायू फाटला, त्यानं उपांत्य सामना सोडला. किर्गिओस थेट फायनलला. तिथं पहिला सेटसुद्धा घेतला, पण शेवटी जिंकला जोकोविच. 2025 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला हाच जोकोविच उपांत्य फेरीत पहिला सेट गमावून पायाच्या दुखण्यानं बाहेर पडला, झ्वेरेव फायनलला गेला. तिथं सिनरनं त्याला एक सेटही दिला नाही. आणि त्याच वर्षीचं विम्बल्डन बघा. दिमित्रोव सिनरपेक्षा दोन सेट पुढं होता, तिसऱ्यात 2-2, आणि छातीचा स्नायू गेला. रडत बाहेर पडला बिचारा. सिनर मरता मरता वाचला, आणि पुढं अल्काराझला हरवून विजेता झाला. आता सांगा, नियम कुठला काढायचा?"

"म्हंजे फाटक उघडतं, पर आत काय वाढून ठेवलंय ते न्हाय सांगता येत."

"आत्ता कसं बोललात!"

मला एक शंका उरली होती. यात्रेतल्या कुस्त्यांना ठरलेली जोड आली नाही की पंच लगेच दुसरा पैलवान आखाड्यात उभा करतात, लोकांचा हिरमोड होऊ देत नाहीत. टेनिसवाले तसं का करत नाहीत?

"करतात की, पण पहिल्या फेरीपुरतं. मुख्य स्पर्धेच्या आधी पात्रता फेरी असते. तिच्या शेवटच्या सामन्यात हरलेले काही जण थांबून राहतात. पहिल्या सामन्याआधी कुणी माघार घेतली की त्यांच्यातल्या एकाला आत घेतात. 'लकी लूजर' म्हणतात त्याला. एकदा पहिली फेरी सरली की ती जागा कुणी भरायची नाही. समोरचा आपोआप पुढं. मधेच ताज्या दमाचा माणूस घुसवला तर आधी दोन सामने खेळून घाम गाळलेल्यांवर अन्याय नाही का?"

"पर तिकीटवाल्यांचं काय?"

"ते मला विचारू नका," नाना जरा दुखऱ्या आवाजात म्हणाले. "भाकरी-ठेचा मात्र बालेवाडीच्या पायरीवर बसून खाल्ला."

"आन इश्रांतीचा फायदा न्हाय व्हय? एक दिवस फुकट मिळाला की."

"मिळतो आणि नडतोही. अंग मोकळं राहतं, पण हात थंड पडतो. सामन्यात जो चेंडू येतो तो सरावात येत नाही. त्यात घरच्यांनी पेढे सांगून ठेवलेले असले की पोरगी कोर्टवर उतरते तीच दोन किलोंचं ओझं घेऊन. काल तिला कुणी विचारत नव्हतं. आज हरली तर म्हणणार, सोपं असून घालवलं. अक्कांना सांगा, फोनवर तिला 'आता काय, तुझंच हाय' असलं काही बोलू नका. पुढचा सामना कुणाशी, तेवढं विचारा."

तेवढ्यात काकी चहा घेऊन बाहेर आल्या. कुंपणावरनं माझ्या हातात कप देत म्हणाल्या, "आणि त्या चिलिचचं पुढं काय झालं, ते सांगितलं का? तेच हे नेहमी विसरतात."

नाना विसरले नव्हते, राखून ठेवलं होतं. पुण्यातनं गेल्यावर चिलिचच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. ते वर्ष जवळजवळ वाया गेलं. पुढं पुन्हा शस्त्रक्रिया. क्रमवारीत तो घसरत घसरत 777 वर गेला. वय 35. आणि 2024 च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगझोऊला जाऊन, फायनलला तिथल्याच चांग चि-चेनला हरवून, त्यानं स्पर्धा जिंकली. एवढ्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू एटीपीची स्पर्धा जिंकल्याची ही पहिलीच वेळ.

"पावणेदोन वर्षं तो गुडघा शेकत बसला," नाना म्हणाले, "तेव्हा त्याची आठवण कुणाला होती? सगळे ग्रीक्सपूरला नशीब लागलं का मेहनत, यावर भांडत होते."

मग कप खाली ठेवून त्यांनी मला सरळच विचारलं, "काल रात्रीपासनं अख्ख्या गावानं चर्चा केली ना? त्या मुरगळलेल्या पायाची चौकशी कुणी केली का?"

केली नव्हती. अक्कांनी नाही, डेअरीवाल्यांनी नाही, मीही नाही. तो पाय एका 13-14 वर्षांच्या पोरीचा आहे, हे टपरीपासून हलवायापर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिथूनच अक्कांना हाक मारली आणि नातीला फोन लावायला सांगितला.

तर वाचकहो, तुमच्या घरातल्या, भावकीतल्या पोरासमोरचा तगडा गडी असा दुखापतीनं बाहेर पडला, तर आशा वाढली म्हणून खुशाल आनंद माना, ती खरंच वाढलेली असते. किती वाढली, ते ड्रॉचा कागद बघून ठरवा. पेढे फायनल झाल्यावर सांगा. आणि त्याआधी एक फोन दुखापत झालेल्या पोराच्या घरी करा.