माणशी लाख, घराला दोन मास्क

"अगं ए, त्यो आष्टीवाला पळाला का नाई शेवटी?"

काटीच्या पलीकडून आत्याबाईंनी विचारलं. आमच्या आणि त्यांच्या अंगणामधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे, पण इकडची बातमी तिकडं जायला त्याची कधी अडचण झालेली नाही. वार शनिवार, 31 जुलै 2021. शनिवार-रविवार दुकानं बंद, इतर दिवशी चारला शटर खाली. रानात ओल, त्यामुळे सरकीतली खुरपणी थांबलेली. बोलायला मुहूर्त चांगला होता.

"पळाला की," आई म्हणाली. "काल सकाळीच, आपल्या च्याच्या टायमाला."

"मंग? कितवा आला?"

"सातवा."

आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "सातव्याचं काय कवतिक माय?"

इथं मला मधे पडावं लागलं. पुण्याची नोकरी लॅपटॉपमधे भरून गावी आल्यापासून काटीवरच्या गप्पांना आकडे पुरवणं हे माझं काम झालंय. सांगितलं की अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, आईबाप शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटर लांब, म्हणून पळतच जायचा. पुढं फौजेत महार रेजिमेंटला, सियाचीनला ड्यूटी, आणि तिथून टोकियोच्या ऑलिम्पिकला. शर्यत तीन हजार मीटरची, त्यात 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून उडी. 1952 नंतर या शर्यतीला भारताचा एकही पुरुष ऑलिम्पिकपर्यंत गेला नव्हता. काल त्यानं आठ मिनिटं 18.12 सेकंदांत ती संपवली. मार्चमधे त्यानंच केलेला देशाचा विक्रम पुन्हा मोडला.

"मंग फायनलला?"

"नाही. प्रत्येक गटातले पहिले तीन सरळ पुढं, आणि उरलेल्यांतले सगळ्यात वेगवान सहा. हा दुसऱ्या गटात होता, तिथं सगळे वाऱ्यासारखे पळाले. तिसऱ्या गटातले पहिले तिघं याच्यापेक्षा हळू पळूनसुद्धा फायनलला गेले."

आत्याबाई दोन क्षण गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी रांग कोन्ती भेटली, त्याच्यावर सगळं. आपल्या लशीवानी." आणि सूप पुन्हा सुरू झालं.

आत्याबाईंचा नातू, धाकल्या लेकाचा पोरगा, टोकियोत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. एडोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला राहतो. सन 2000 च्या आसपास आपली आयटीतली पोरं तिकडं जायला लागली, तेव्हापासून त्या भागात देशी माणूस बराच. किराणा मिळतो, गणपती बसतो. आणि तिथल्या वॉर्डाच्या सभेत 2019 साली योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस निवडून आला, 6,477 मतं घेऊन. जपानचं नागरिकत्व त्यांनी आधीच घेतलं होतं. हे आत्याबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच हिशेब केला, "एवढ्या मतात आपल्याकडं पंचायत समिती निघती." आणि पुढचा प्रश्न, "मंग त्यानं नातवाचं काम केलं का?"

"नातवानं तरी बघितलं आसंल मैदानात जाऊन," आई म्हणाली.

"कुठलं! कुत्रं आत सोडंनात म्हनं. आपल्या जिल्ह्याचं पोरगं त्याच्याच गावात पळतंय अन् ह्यो घरात बसून टीव्हीवर बघतोय. मंग तसं हितं बी बघता आलं आसतं की. त्याला जपानला जायाची काय गरज व्हती?"

यात आत्याबाईंची चूक नाही. टोकियोतल्या मैदानांवर प्रेक्षक नकोत, असं 8 जुलैला ठरलं. 12 तारखेपासून टोकियोत चौथ्यांदा आणीबाणी लागली आणि काल ती 31 ऑगस्टपर्यंत वाढवली. आज टोकियोत एका दिवसात 4,058 नवे रुग्ण, पहिल्यांदाच चार हजारांच्या वर. हा आकडा नातवानं दुपारीच फोनवर पाठवला होता, आणि संध्याकाळी जळगावला काय झालं ते शेवगावला कळावं तशा सहजपणे तो आमच्या गल्लीत फिरत होता.

"मंग पोलीस दांडकं घेऊन उभे आसतील," आई म्हणाली. गेल्या वर्षीचं लॉकडाऊन आमच्याकडं मांडीवरच्या वळांनी लक्षात राहिलंय.

"नाई ना! तिथं हानत नाईत. इनंती करत्यात."

"इनंती?"

"व्हय. हाटेलवाल्याला म्हन्त्यात आठला बंद कर, दारू देऊ नको. मानसाला म्हन्त्यात घरी बस. भायेर पडला म्हनून दंड नाई."

"अन् ऐकत्यात?"

"पैल्यांदा ऐकलं म्हनं. आता चौथ्यांदा कोन ऐकतंय."

तिकडं सध्या उन्हाळा, हे आईला काही केल्या पटत नाही. आपल्याकडं आषाढ, आभाळ भरलेलं, आणि जपानात जीव जाईल असं ऊन? पण खरं आहे. जून-जुलैचा त्यांचा पाऊस उघडला की ऑगस्टभर दमट उकाडा. त्यालाच भिऊन मॅरेथॉनची शर्यत टोकियोतून काढून आठशे किलोमीटर वर सप्पोरोला नेली. उष्माघाताचा इशारा देशभर द्यायची पद्धत याच वर्षीपासून लागू झाली. त्यात गंमत अशी, की एकीकडं मास्क लावा आणि दुसरीकडं उन्हात, आसपास कोणी नसेल तर मास्क काढा, नाहीतर उष्माघात होईल, अशा दोन्ही सूचना. त्या परदेशी लोकांना कळाव्यात म्हणून वॉर्डाची कार्यालयं सोप्या जपानीतसुद्धा पत्रकं काढतात. छोटी वाक्यं, अवघड अक्षरांवर उच्चार लिहिलेला. आमच्याकडं देवळावरचा भोंगा आहे. त्यात सोपं-अवघड असं काही नसतं. वारा कुणीकडचा आहे त्यावर कळणं अवलंबून.

"अन् प्यायला काय, म्हायतीये का? जव भाजून त्याचं पानी," आत्याबाई म्हणाल्या. "थंड करून, सगळा उन्हाळा. साखर नाई, काई नाई. मी म्हन्ले, पोरा, आजारी हाएस का?"

तीन गोष्टी टाळा, हे जपान सरकारचं सांगणं नातवानं त्यांना पाठ करून दिलंय. बंद खोली, गर्दी आणि तोंडाशी तोंड लावून बोलणं. त्यातल्या पहिल्या दोन आत्याबाईंना मंजूर आहेत. "तिसरं नाई जमायचं. मंग काटीला यिऊन बसायचं कशाला?"

बोलणं मास्कवरून गेल्या वर्षीवर गेलं, आणि गेल्या वर्षीवर गेलं की आत्याबाईंच्या घरातल्या दोन गोष्टी एकदम निघतात. एक नातवाची, दुसरी थोरल्या लेकाची.

2020 च्या एप्रिलमधे पंतप्रधान आबे यांच्या सरकारनं प्रत्येक पत्त्यावर टपालानं कापडी मास्क पाठवले. घराला दोन. घरात माणसं सहा असोत की एक, मास्क दोनच. जपानी लोकांनी त्यावर पोट धरून हसून घेतलं. त्याच सुमाराला दुसरं ठरलं: प्रत्येक माणसाला एक लाख येन. आपले तेव्हाचे सत्तर हजार रुपये. अट एवढीच की 27 एप्रिल 2020 ला तुमचं नाव तिथल्या रहिवाशांच्या नोंदीत पाहिजे. जपानी असलंच पाहिजे असं नाही. नातू, त्याची बायको आणि पाळण्यातलं पोरगं, तिघांचे मिळून तीन लाख येन खात्यावर आले.

"पाळन्यातल्याला बी लाख!" आई दर वेळी इथं थांबते.

"त्याला बी. पुरं नाव बी घेता येत नाई त्याला आजून."

आता थोरला लेक. तो आणि सून, एक कोयता, सांगलीकडच्या एका कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले. बीड जिल्ह्यातनं दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरून माणसं जातात, चैत्रात परततात. त्या वर्षी 24 मार्चच्या रात्रीपासून सगळं जिथल्या तिथं. ऊस उभा होता तोवर तोड चालू राहिली. कोरोनाला घाबरून साखर थोडीच थांबते. पण दुकान बंद, बाजार बंद आणि पोतं संपलेलं. रेशनकार्ड चकलांब्याला, तोंडं सांगलीला. गावाकडं आत्याबाईंना माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळत होता, जनधनच्या खात्यावर पाचशे रुपये तीनदा आले. आणि लेक-सून फडात पालाच्या दाराशी बसून मुकादमाला फोन लावत होते.

नाना तेवढ्यात ओट्यावरून उतरले. नाना मुकादमकी करून थकलेले, आता फक्त मुकादमाच्या बाजूनं बोलतात. "मुकादमानं काय करावं? त्याला बी तालुका वलांडता येत नव्हता. गाडीला पास नाई."

"तुमी उचल द्यायला बरे तालुके वलांडता, पासाबिगर," आत्याबाई म्हणाल्या. नाना तंबाखू मळायला लागले.

17 एप्रिलला सरकारनं परवानगी दिली: ऊसतोड मजुरांची तपासणी करा, याद्या करा, गावी पोचवा. राज्यभर लाखाच्या वर माणसं. ट्रॅक्टर, ट्रक, बैलं, कोंबड्या, लेकरं. आली ती थेट घरी नाही, कारण त्या चैत्रात महाराष्ट्रातल्या कितीक गावांनी आपापल्या रस्त्यांवर काट्या टाकल्या होत्या. पाहुणा नको, पुण्या-मुंबईचा नको, आणि मग वर्षानुवर्षं इथंच राहणारा तोडकरीसुद्धा नको. आमच्याकडं कोणी टाकल्या ते आत्याबाई नावानिशी सांगतात. मी लिहीत नाही. लेक-सून रानातच राहिले, आंब्याखाली. आत्याबाई बांधावर भाकरी ठेवून मागं सरायच्या.

"मपल्या लेकाला मपल्या गावात चोरावानी जेवू घातलं मी," त्या म्हणाल्या. "अन् तिकडं परक्या राजानं नातवाला घरपोच लाख दिलं. सांग आता, परदेशात कोन व्हतं?"

प्रश्न मला होता. मी उत्तराऐवजी दुसरी बातमी पुढं केली, कारण ती खरी आहे आणि जपानला इतकं स्वस्तात सोडायला मी तयार नव्हतो. गेल्या ऑगस्टमधे ओबोनच्या दिवसांत, म्हणजे त्यांच्या पितरांच्या सणाला, आओमोरी शहरात एक माणूस टोकियोहून आपल्या घरी गेला. तर त्याच्या दारात कोणीतरी हातानं लिहिलेली निनावी चिठ्ठी टाकली. या दिवसांत टोकियोहून कशाला आलास, लवकर परत जा, अशा मजकुराची. माणूस त्याच मातीतला, जपानीच.

"बग," आई म्हणाली. "तिथं बी काट्या."

"चिठ्ठी बरी," आत्याबाई म्हणाल्या. "हितं सरपंचाच्या म्होरं बोलावलं आसतं."

पण लाख येन देणाऱ्या राजाचं दुसरं तोंड त्यांनीच काढलं. यंदाच्या एप्रिल-मेमधे बीडनं जे पाहिलं त्यावर काटीवर कोणी फारसं बोलत नाही. अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत 22 प्रेतं कोंबून नेली, ती बातमी टोकियोपर्यंत गेली होती. मे संपता संपता आमच्या आत्याबाईंचे मालक, आबाही गेले. नातू आला नाही. यायला विमान सापडलं असतं. परत जाता आलं नसतं. 14 मेपासून जपाननं भारतात राहून आलेल्या परदेशी माणसाला दार बंद केलं, मग त्याचं घर, नोकरी, बायको, पोरगं तिकडं असलं तरी. रहिवाशाचं कार्ड खिशात असून उपयोग नाही. जपानी माणूस असेल तर त्यानं यावं, काही दिवस अलग राहावं आणि घरी जावं. नातू पाच वर्षं तिथं कर भरतोय.

"म्हंजी पैशे वाटताना मोजत्यात," आत्याबाई म्हणाल्या, "अन् दार उघडताना ईसरत्यात. ते आबाचं त्यानं फोनवर बघितलं सगळं. मोबाइल ह्यानंच धरला व्हता," माझ्याकडं बोट दाखवून. "हात कापत व्हता ह्याचा, त्याला नीट दिसलं बी नाई."

आईनं काटीतून शेंगदाण्याची वाटी पुढं केली. आत्याबाईंनी ती घेतली आणि विषय लशीवर आला, तो बरं झालं.

नातवाला लशीचं कूपन टपालानं आलं, वॉर्डाकडून, फुकट, जपानी माणसाला येतं तसंच. फायझर. तीन आठवड्यांनी दुसरा डोस. आत्याबाईंना कोव्हिशील्डचा पहिला मिळाला तो पहाटे चारला चप्पल रांगेत ठेवून. दुसऱ्याला 84 दिवस थांबायचं.

"का गं, तीन हप्ते अन् चौऱ्याऐंशी दिस? इतका फरक?"

"वेगळी लस आहे आत्याबाई," मी म्हणालो. "आधी आपल्याकडं पण कमी दिवस होते. मे महिन्यात वाढवले."

"व्हय, लस नव्हती तवाच वाढवले," नाना म्हणाले. नाना सरकारविरुद्ध बोलले की आत्याबाईंना ते थोडे आवडतात. त्यांनी वाटीतले दोन दाणे नानांना दिले.

"मंग यंदा थोरला जायचाय का फडावर?" आईनं विचारलं.

"उचल घेतलीये ना. घर गळतंय, पोरीची फी हाये. जाईल दिवाळीच्या आधी."

"रेशनचं बघा म्हनावं आधी. आता म्हन्त्यात एकाच कार्डावर देशात कुठंबी मिळतं."

मी मान डोलावली. एक देश, एक रेशनकार्ड. महाराष्ट्र त्यात आहे. जिथं असाल तिथल्या दुकानात यंत्रावर अंगठा लावायचा, गावच्या वाट्याचं धान्य तिथं मिळतं.

"अंगठा!" आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "सुनंचा अंगठा बघितलाय का? कोयता धरून धरून रेघच राह्यली नाई त्याच्यावर. हितल्या दुकानात उठत नाई, चार चार बोटं लावून बघतो त्यो पोरगा. तिकडं सांगलीचा दुकानदार कामून एवढा वेळ घालवंल?"

"डोळ्याचं पण यंत्र असतं काही ठिकाणी," मी म्हणालो.

"कोन्त्या ठिकानी?"

"विचारून सांगतो."

"सोमवारीच इचार. बंद नसंल तवा. अन् नातवाला बी लिव्ह, म्हनावं तुझ्या त्या पुराणिकाला इचार, तिकडं अंगठा लावावा लागतो का."