मुळातून वाचणारे नाना

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. नोकरीभर 'रिटायर झालो की निवांत वाचीन' म्हणत आलेले. आमचे नाना रेल्वेतले, मूळचे खानदेशचे. शाल-श्रीफळ हातात पडताच त्यांनी जाहीर केलं, की आता ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतली पृथ्वीप्रदक्षिणा मुळातून वाचायची. मुळातून म्हणजे इंग्रजीतून. पुस्तक मूळ फ्रेंच आहे, ही किरकोळ बाब.

शाळेत असताना त्यांनी ते वाचलेलं. म्हणजे मुलांसाठी केलेली सडपातळ आवृत्ती, तीही शेवटची पानं नसलेली. तेवढ्या भांडवलावर ते आयुष्यभर त्यावर अधिकारवाणीने बोलत आले. त्यामुळे आता चालू आहे ते वाचन नव्हे, तपासणी. आठवणीत आणि पुस्तकात फरक निघाला की दोषी व्हर्न.

पहिला खटका बलूनवरून. फिलिअस फॉग बलूनमधून उडतो, हे नानांनी नातवंडांना तिखटमीठ लावून सांगितलेलं. पुस्तकात तो बोटीने जातो, आगगाडीने जातो, हत्तीवर बसतो, बर्फावरून शिडाच्या गाडीने घसरतो, बलून नाही. तो 1956 च्या हॉलिवूडपटातला. हे कळल्यावर नाना म्हणाले, "या प्रतीतून गाळलाय."

खरी नाराजी हिंदुस्थानात. फॉग 20 ऑक्टोबर 1872 ला दुपारी मुंबईत उतरतो आणि रात्री आठच्या गाडीने निघतो. मुंबई बघणं नाही, काही नाही. स्टेशनात जेवतो, तिथं ताटातल्या सशाबद्दल त्याला मांजराचा संशय येतो. नोकर पासपार्तू तेवढा मलबार हिलच्या देवळात बूट घालून घुसतो आणि मार खाऊन अनवाणी पळतो. ("हे बाकी छान लिहिलंय.") पुढे कल्याण, नाशिक मागे पडतं आणि येतं खानदेश. नाना सरसावून बसले. व्हर्नने तिथं कापसाबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीचे मळे लावून ठेवलेत!

"खानदेशात लवंगा? आणि केळी कुठंयत?"

तोच अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपतात. आता मात्र प्रश्न खात्याच्या अब्रूचा. जबलपूरमार्गे लोहमार्ग 1870 मध्येच जोडला गेला होता, आणि हा गृहस्थ 1872 सालच्या प्रवाशांना रानात उतरवतो! फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो. स्टेशनमास्तरला विचारलं असतं तर साध्या तिकिटात काम झालं असतं, असं नानांचं मत.

शेवटी पूर्वेकडून फिरल्यामुळे एक दिवस वाचल्याचं फॉगला लंडनात परतल्यावर कळतं. नानांनी पुस्तक मिटलं. सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत हा माणूस आगगाडीने गेला, पुढची बोट चुकली म्हणून हळहळला, आणि वाटेत कुठंच तारीख दिसली नाही? रेल्वेत असता तर सस्पेंड झाला असता.

सध्या त्यांनी 'ट्रेझर आयलंड' काढलंय. निम्मं झालंय. अजून फ्रायडे आलेला नाही, म्हणून जरा चिडलेत.